ज्याच्या चपला दुसरा शोधतो

प्रल्हाद सोनकांबळे गेल्याची बातमी मला ज्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळली, त्या ग्रुपमध्ये प्रल्हाद नव्हता. त्याला तिथून काढून टाकलं होतं, आणि काढून टाकणाऱ्यांनीच ती बातमी टाकली होती. लातूरच्या ज्या क्लासमध्ये मी निम्मं आयुष्य फिजिक्स शिकवलं, त्या क्लासच्या स्टाफचा हा ग्रुप. नाव ‘आपला परिवार’. संचालकांनी सकाळी सकाळी लिहिलं, ‘परिवाराचे ज्येष्ठ सदस्य प्रल्हाद सर आपल्याला सोडून गेले.’ खाली फुलांची रांग लागली, जोडलेल्या हातांची रांग लागली. एका महाभागानं तर आदल्या दिवशी कुणाच्या तरी वाढदिवसाला वापरलेला गुच्छच पुन्हा पाठवला. तो सोडून गेला नव्हता, तुम्ही काढला होता, असं मी लिहायला घेतलं... आणि मग लक्षात आलं की आधी त्याच्या बायकोला, शोभावहिनींना, फोन करायला पाहिजे. त्या एवढंच म्हणाल्या, "हाव भाऊजी. पहाटं छातीत दुखून आलं, दवाखान्यात नेईस्तोवर गेले. तुम्ही या." नांदेडच्या गाडीत बसल्यावर पुन्हा फोन बघितला, तर संचालकांनी दुःखाच्या भरात आणखी एक काम केलं होतं. प्रल्हादचा नंबर ग्रुपमध्ये परत घेतला होता. जिवंत होता तोवर नको होता, आता चालत होता. आता तो काही लिहिणार नव्हता ना.

संचालकांचं नाव मी इथं लिहीत नाही. लातूरला बसमधून उतरलात की कुठल्याही खांबावर फोटोसकट वाचायला मिळेल.

प्रल्हाद नांदेडच्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात संगणक शिकवायचा. मूळचा मुखेडकडचा. आम्ही कॉलेजात असताना वसतिगृहाच्या एकाच खोलीत राहिलो, ती ओळख शेवटपर्यंत टिकली. त्याचा विषय होता गर्दी. म्हणजे संगणकावर एखादा हॉल काढायचा, दारं काढायची, जिना काढायचा, माणसांच्या जागी ठिपके सोडायचे आणि घंटा झाली की ते ठिपके बाहेर कसे पडतात ते बघत बसायचं. हे काम जगात पुष्कळ लोक करतात म्हणे. पण प्रल्हाद एका प्रश्नाला जो चिकटला तो चिकटलाच. ह्या ठिपक्यांतला कोण कोणासोबत आहे? गर्दी एकेकट्या माणसांची नसते, ती गटागटांची असते, हे सगळेच मान्य करतात. पण गट म्हणजे नक्की काय, आणि अमुक माणूस त्या गटात आहे हे कशावरून म्हणायचं, इथं सगळे हात वर करतात. प्रल्हादनं हात वर केले नाहीत, आणि त्यापायी माझं डोकं मात्र भरपूर खाल्लं. चहा पुढ्यात यायचा, त्यावर साय धरायची, आणि हा म्हणायचा, "शिवा, समज चार जणं सोबत आले. एकाची बस लवकर हाय, तो निघून गेला. आता गट तिघांचा का चौघांचा?" मी म्हणायचो, "अरे, ठिपके आहेत ते, बाबा." तो म्हणायचा, "तेच तर म्हणून राहिलो. ठिपके न्हाईत." असला माणूस. लग्नात जेवायला नेला तर पंगतीकडं पाठ करून मांडवाच्या दारातल्या चपलांकडं बघत उभा राहायचा, आणि वहिनी मला खुणेनं सांगायच्या की ह्यांना जरा आत आणा, लोक बघून राहिलेत.

चपलांचं त्याचं वेड कुठून आलं ते मला ठाऊक आहे. पहिल्या वर्षाच्या सुट्टीत मी त्याला उदगीरला आमच्या घरी नेलं होतं. आमचं कापडाचं दुकान, वर घर, घर लिंगायताचं, वडील रोज पूजेला बसणारे. पायरीपाशी सगळ्यांच्या चपला होत्या. प्रल्हादनं आपल्या चपला तिथं काढल्या नाहीत, पार तिकडं गटारीच्या कडेला काढल्या. मी ओरडलो, "इकडं काढ की, तिकडं कुठं?" तो म्हणाला, "असू दे. जाताना बराबर सापडतेत." त्या वेळी मला वाटलं, काय हा खुळा. वडिलांनी ते बघितलं आणि काही म्हटलं नाही, आणि त्यांच्या त्या काही न म्हणण्याचा मला आजही राग येतो. माणूस चपला कुठं काढतो यावरून त्याला लोकांनी कुठं बसवलंय ते कळतं, हे प्रल्हाद कॉलेजात शिकला नव्हता. ते शिकूनच तो मुखेडहून आला होता. पुढं नांदेडला त्याचं घर झालं, मी महिन्या-दोन महिन्याला जायला लागलो. तिथं निघताना माझ्या चपला नेहमी त्याच्या चपलांच्या शेजारी, तोंड रस्त्याकडं करून, पाय घालायला तयार असायच्या. वहिनींचा नीटनेटकेपणा असेल असं मी धरून चाललो.

आता क्लासचं सांगतो. आमचा मोठा हॉल तिसऱ्या मजल्यावर. पोरं एवढी की मागच्या बाकावरच्यांना मी पडद्यावर दिसायचो. मुखेड, देगलूर, भोकर, कुठून कुठून आलेली, मेसच्या पातळ वरणावर जगणारी, डोळ्यांखाली काळं झालेली पोरं. आणि ह्या सगळ्यांना उतरायला जिना एक. हॉलमध्ये गालिचा अंथरला होता, परदेशी आहे असं संचालक सांगायचे, त्यामुळं चपला बाहेर, जिन्याच्या तोंडाशी. मग कुठंतरी कुठल्या क्लासला आग लागल्याचं टीव्हीवर दाखवलं आणि पालक विचारायला लागले. संचालकांनी लगेच उपाय काढला. दुसरा जिना नव्हे. व्हिडिओ. "बिरादार सर, तुमचे ते मित्र आहेत ना नांदेडचे, ठिपकेवाले? त्यांच्याकडून एक ॲनिमेशन करून घ्या. मुलं कशी भराभर बाहेर पडतात ते पालकांना दाखवू." प्रल्हाद आला, हॉल मोजला, आणि थोड्या दिवसांत पहिला व्हिडिओ दाखवला. घंटा होते, ठिपके दाराकडं वळतात, ज्वारी चाळणीतून पडावी तसे जिन्यावरून खाली गळतात, हॉल रिकामा. संचालकांनी टाळ्या वाजवल्या. प्रल्हादला ग्रुपमध्ये घेतलं, ‘परिवारात स्वागत’ म्हणून लाडवाचं चित्र टाकलं. प्रल्हादचं तोंड मात्र कडू झालं होतं. खाली चहाच्या टपरीवर म्हणाला, "शिवा, ह्या व्हिडिओत कुणीच कुणाचं न्हाई. असं कुठं असतं का?"

मग तो दर शनिवारी नांदेडहून यायला लागला आणि जिन्याच्या तोंडाशी, चपलांच्या ढिगापाशी उभा राहायला लागला. आधी त्यानं पोरांना सरळ विचारून बघितलं, तू कुणासोबत असतोस? सगळ्यांनी सांगितलं, पहिल्या नंबरच्या पोरासोबत. आपल्याला एवढे मित्र आहेत हे त्या पोराला स्वतःलाही माहीत नसावं. तो बिचारा एकटा यायचा, एकटा जायचा. प्रल्हाद म्हणाला, "विचारलं की माणूस कुणाचा हाय ते सांगत न्हाई, कुणाचा व्हायचंय ते सांगतो." म्हणून विचारणं बंद आणि बघणं सुरू. क्लास सुटला की ढिगाशी झुंबड. ज्याला स्वतःच्या चपला सापडल्या तो निघून जायचा का? कुणी जायचे. पण पुष्कळ जण तिथंच उभे राहायचे आणि दुसऱ्याच्या चपला शोधायला लागायचे. पायानं ढीग उपसायचे, एक सापडली की धरून ठेवायचे, दुसरीसाठी वाकायचे. एक देगलूरची पोरगी होती, एक भोकरची. दोघी एका खोलीत राहायच्या आणि कशावरून तरी भांडून महिनाभर एकमेकींशी बोलत नव्हत्या. पण देगलूरची रोज भोकरच्या पोरीच्या चपला हुडकून भिंतीशी लावून ठेवायची, आणि ती हॉलमधून बाहेर येईपर्यंत दुसरीकडं तोंड करून उभी राहायची. प्रल्हाद मला ते दाखवायला वर्गातून ओढून घेऊन गेला. "बघ. बोलणं बंद हाय, थांबणं न्हाई." त्याला एवढा खूष झालेला मी त्याच्या लग्नातही बघितला नव्हता. त्या दिवशी त्याला त्याची व्याख्या सापडली. ज्याच्या चपला दुसरा शोधतो, तो त्या दुसऱ्याच्या गटातला. ह्या आनंदात तो ढिगाशी जरा जास्तच वेळ वाकून राहिला आणि वॉचमननं त्याला चप्पलचोर म्हणून धरला. कॉलर पकडून संचालकांसमोर नेलं. संचालकांनी सोडवलं खरं, पण पुढं कितीतरी दिवस स्टाफरूममध्ये तो किस्सा ‘आमचे पीएचडी चप्पलचोर’ म्हणून चघळला गेला. चघळणाऱ्यांत असे दोघे होते ज्यांना स्वतःच्या विषयाच्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण आयुष्यात कधी पूर्ण करता आलं नाही.

दुसरा व्हिडिओ तयार झाला तेव्हा मीही चाट पडलो. तेच ठिपके, तोच जिना, पण आता ठिपके एकमेकांना बांधलेले. घंटा झाली. थोडे खाली उतरले. आणि मग जिन्याच्या तोंडाशी ठिपके थांबायला लागले. काही वळून वाकून आत बघायला लागले, अर्ध्या जिन्यावरचे काही उलटे वर चढायला लागले, आणि त्या वर-खाली जाणाऱ्यांत सगळा जिना तुंबला. हॉल रिकामा व्हायला इतका वेळ लागला की संचालक घड्याळ बघायला लागले.

"हे ठिपके परत का येतायत?" त्यांनी विचारलं.

"मैत्रीण मागं राहिली, सर."

"ठिपक्याला मैत्रीण?"

स्टाफ हसला. पगारी हसू होतं ते, लगेच ओळखू येतं. प्रल्हाद न हसता म्हणाला, की सर, धूर झाला म्हणून माणूस आपल्या माणसाला टाकून पळत न्हाई, आधी हुडकतो. त्याला हुडकायला जागा पाहिजे. एक जिना पुरणार नाही, मागच्या अंगाला दुसरा काढा. झालं. जिना म्हटल्यावर संचालकांच्या कपाळाला आठ्या पडल्या आणि त्यांच्यातला शास्त्रज्ञ जागा झाला. म्हणाले, गटच करायचे तर बॅचप्रमाणे करा, ए बॅच एक गट, बी बॅच एक गट, सोपं. प्रल्हाद म्हणाला, बॅच मार्कांवरून पडती सर, मार्क बघून कुणी कुणासाठी थांबत न्हाई. मग संचालक खुर्चीत पुढं सरकले, आवाज खाली आणला आणि आमच्या भागातला हुकमी उपाय सांगितला. "आडनावं टाका की तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये. गट आपोआप पडतील." एका क्षणी खोलीतले सगळे प्रल्हादकडं बघायला लागले आणि दुसऱ्या क्षणी सगळ्यांनी नजरा टेबलाकडं वळवल्या. तो शांतपणे म्हणाला, "आडनावावरनं माणसाला कुठं बसवतेत ते कळतंय सर. तो कुणासाठी थांबतो ते न्हाई कळत." आणि मग, हे ऐकणाऱ्यांच्या पल्ल्याबाहेरचं आहे असं वाटून असेल, त्यानं ते सोपं करून सांगितलं. चपलांचं सांगितलं. इथं तो चुकला. गाढवांपुढं गीता वाचली तर निदान गाढवं गप्प उभी राहतात. ही मंडळी टिपून घेत होती.

पुढच्या सोमवारी गालिचा गुंडाळला गेला. नोटीस लागली, विद्यार्थ्यांनी चपला-बूट घालूनच वर्गात बसावं. संचालकांनी प्रल्हादला बोलावून पेढा दिला. "तुमचीच व्याख्या ना, चपला? चपलाच काढून टाकल्या. आता गट नाहीत. जिन्याचा विषय संपला." आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते हे. अहो, थर्मामीटर फोडला म्हणून ताप उतरतो का? प्रल्हादनं त्यांना हातानं धरून जिन्याच्या खाली नेलं. क्लास सुटला होता. पोरं आता चपलांच्या ढिगाशी थांबत नव्हती, शेवटच्या पायरीवर थांबत होती. देगलूरची पोरगी तिथंच होती, दुसरीकडं तोंड करून. "बघा सर. चपला गेल्या, थांबणं हाय तसंच हाय." संचालक बघत होते, पण फोनकडं. पालकांना पहिला व्हिडिओ दाखवला गेला. ज्वारीवाला. त्या संध्याकाळी प्रल्हादनं ग्रुपवर लिहिलं, ‘हा व्हिडिओ खोटा आहे. यातल्या मुलांना कुणी नाही. आपल्या मुलांना आहे. दुसरा जिना करा.’ काही मिनिटांत त्याला ग्रुपमधून काढलं. मी संचालकांच्या केबिनमध्ये जाऊन जे बोलायचं ते तोंडावर बोललो, तर माझी पहिली बॅच काढून मला नापासांची बॅच दिली. त्यात मला काडीचं दुःख झालं नाही, ती पोरं जास्त बरी होती. पण प्रल्हादला लागलं. अपमानाची त्याला सवय होती. जिन्याचं त्याला लागलं. फोन केला की आधी तब्येत नव्हे, पोरं नव्हे... "जिना?" मी नाही म्हणायचो. तो म्हणायचा, "बघू." मी निवृत्त झालो तरी तो विचारायचा आणि मी जाता येता त्या इमारतीच्या मागची भिंत बघून यायचो. शेवटचा फोन झाला त्यातही तेच. आणि मी नाहीच म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

मेल्या म्हशीला मणभर दूध, ही म्हण ज्यानं कुणी केली त्यानं आमच्या क्लासची शोकसभा पाहिलेली असणार. सभा संचालकांनी ठेवली, त्याच तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये. खाली फ्लेक्स. संचालकांचा फोटो मोठा, प्रल्हादचा लहान, आणि लिहिलेलं ‘कै. प्रल्हाद सोनकांबळे’. आमच्यात लिंगैक्य म्हणतात, त्यांच्यात कालकथित म्हणतात, संचालकांनी सरसकट सगळ्यांना कैलासावर धाडलेलं. मुखेडहून आलेल्या त्याच्या चुलतभावांनी खालीच थांबून ते बदलायला लावलं, म्हणून ‘कै.’वर कागद चिकटवून पेननं ‘कालकथित’ लिहिलं गेलं. वर गालिचा पुन्हा अंथरला होता, फोटोपुढं मेणबत्ती, आणि फोटोच्या मानासाठी चपला बाहेर, जिन्याच्या तोंडाशी. मी तो ढीग बघितला आणि प्रल्हाद आत्ता असता तर काय म्हणाला असता ते सरळ ऐकू आलं. पुढच्या रांगेत वहिनी. त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर संचालकांच्या आई, पांढरं लुगडं, काठी. भाषणं झाली. नांदेडहून आलेल्या प्राध्यापकांनी प्रल्हादच्या वाहतूक नियंत्रणातल्या कामाचा गौरव केला, जे त्यानं कधी केलं नव्हतं. संचालक उठले, गळा दाटून आणला आणि म्हणाले, "प्रल्हाद सरांनी आपल्याला एकच शिकवलं. आपण सगळे एक गट आहोत." तीस वर्षं त्या माणसानं घसा कोरडा करून नेमकं हेच सांगितलं होतं की आपण सगळे एक गट नाही आहोत, आणि कोण कुणाचा आहे हे नीट बघा. माझ्या शेजारचा रसायनाचा मास्तर डोळे पुसत होता. वॉचमननं कॉलर धरल्याचा किस्सा सगळ्यात जास्त वेळा त्यानंच सांगितला होता.

दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून झालं आणि सगळे एकदम दाराकडं निघाले. संचालकांना खाली जायची घाई होती, कुणी पुढारी आले होते आणि त्यांना गाडीपर्यंत सोडायचं होतं. ते सगळ्यात आधी दारात पोचले. स्वतःचे बूट त्यांनी पायात सरकवले, एक पायरी उतरले... आणि थांबले. आई मागं राहिली होती. ते वळले, ढिगाशी वाकले आणि आईच्या चपला शोधायला लागले. एक सापडली, ती हातात धरली. दुसरी सापडेना. मागून लोक येत होते, तोवर बाजूनं निसटून खाली गेलेले आपापल्या माणसांसाठी पुन्हा वर येत होते, आणि बरोबर मधोमध, जिन्याच्या तोंडावर बूच बसावं तसे आमचे संचालक, हातात आईची एक चप्पल घेऊन. "थांबा हो, थांबा, आई आहे माझी!" असं ओरडत होते. वहिनी दाराच्या चौकटीत दाबल्या गेल्या. मी त्यांच्यापुढं हात आडवा धरला. प्रल्हादचा दुसरा व्हिडिओ, जसाच्या तसा. फक्त ठिपक्यांना घाम नव्हता आला.

मी तिथनंच ओरडून म्हटलं, "सर, दुसरा जिना!" संचालक चिडून म्हणाले, "बिरादार सर, हा विषय काढायची ही वेळ आहे का?" पण म्हातारीनं ऐकलं होतं. ती काठी टेकत दारात उभी होती, लोक तिच्या अंगावर रेलत होते, आणि तिनं आपल्या लेकाला सगळ्यांदेखत विचारलं, "आरं, रोज एवढे लेकरं ह्याच जिन्यानं उतरतेत? आन् दुसरा जिना कामून केला न्हाईस रं?" संचालक ढिगात आणखी खाली वाकले. मराठवाड्यातला मोठ्यातला मोठा माणूस आईपुढं नापासांच्या बॅचमध्येच बसतो. तेवढ्यात दुसरी चप्पल सापडली. ती म्हातारीच्या पायाशी ठेवायला संचालक वाकले, तेव्हा कुठं जिना वाहायला लागला.

जिना झाला. इमारतीच्या मागच्या अंगाला, लोखंडी, भक्कम. एवढ्या वर्षांत अशक्य असलेली गोष्ट थोड्या आठवड्यांत उभी राहिली. वर पाटी आहे, ‘मातोश्रींच्या प्रेरणेने’. प्रल्हादचं नाव कुठंही नाही, कैलासवासी म्हणूनही नाही. मला ती पाटी बघून जेवढा संताप यायला पाहिजे होता तेवढा आला. तरीही एका दुपारी क्लास सुटायच्या वेळी मी तिथं जाऊन उभा राहिलो. पोरं दोन्ही जिन्यांवरून सुटली, भराभर, मोकळी. दोन पोरी चुकून वेगवेगळ्या जिन्यांनी उतरल्या आणि एकमेकींना हुडकत खाली आल्या, आणि भेटल्यावर मागच्यांना वाट न देता तिथंच गप्पा मारत उभ्या राहिल्या. मला हसू आलं, आणि लगेच रडूही आलं. हे सांगायला मी ज्याला फोन केला असता, त्याच्याबद्दलच तर हे सगळं होतं.

म्हणून नांदेडला गेलो, वहिनींना सांगायला. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होऊन गेला होता, पाहुणे पांगले होते, घर शांत होतं. त्याच्या टेबलावर संगणक झाकलेला, भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली त्याचा फोटो. मी पाटीचं काहीच सांगितलं नाही. जिना झाला, एवढंच सांगितलं. वहिनींनी पदर तोंडाला लावला, मग म्हणाल्या, "झाला ना? मग झालं." आणि आत जाऊन त्याचा फोन घेऊन आल्या. "भाऊजी, हे तेवढं बगा. सारखं वाजून राहिलंय. कुणीतरी ह्यांला ग्रुपात घेतलंय. बंद कसं करायचं ते मला कळंना." मी बघितलं. ‘आपला परिवार’. शुभ सकाळ, फुलं, सुविचार, कुणाच्या तरी मुलाच्या निकालाचे पेढे... मेलेल्या माणसाला रोज शुभ सकाळ. मी त्याला त्या ग्रुपमधून बाहेर काढलं. मग माझा फोन काढला आणि मीही बाहेर पडलो. माझ्यासाठी तिथं कुणी थांबलं असेल असं वाटत नाही, आणि थांबलं असेल तर प्रल्हादच्या शास्त्राचा पायाच चुकला म्हणायचा.

चहा झाला. गाडीची वेळ झाली म्हणून उठलो. वहिनी दारापर्यंत आल्या. मी सवयीनं उंबऱ्याबाहेर पाय टाकला, तर पायाखाली नुसती फरशी. खाली बघितलं. माझ्या चपला मी आत जाताना काढल्या होत्या तशाच पडल्या होत्या, एक तिरपी, दोन्हींची तोंडं घराकडं. मी का थांबलो ते वहिनींच्या लक्षात आलं. "ते फिरवून ठेवायचे," त्या म्हणाल्या. "तुम्ही आलात की. मला कधी करू दिलं न्हाई."

इतकी वर्षं मी त्या घरातून निघताना घराकडं पाठ करून चपला घातल्या होत्या. त्या दिवशी चपलांची तोंडं घराकडं होती, म्हणून त्या घालताना मलाही घराकडं तोंड करून उभं राहावं लागलं.